छापलेला टी-शर्ट धुण्यात टिकावा म्हणून: कन्व्हेअर ड्रायरचं सेटिंग कसं लावायचं

गणपतीच्या चौथ्या दिवशी एक मुलगा आमच्या गाळ्यावर आला. हातात मंडळाचा काळा टी-शर्ट, आम्हीच छापलेला. "ताई, एकदाच धुतला हो," म्हणाला आणि टी-शर्ट उलगडून समोर धरला. बाप्पाची सोंड अर्धी गेली होती. मी प्रिंट दोन्ही हातांनी थोडी ताणली, तर केशरी रंगाचा पापुद्रा उचलला गेला आणि खालचा पांढरा बेस बोटाला खडूसारखा लागला. वरचा थर पक्का झाला होता आणि खालचा कच्चाच राहिला होता. २२० पीस होते. सगळे परत छापून दिले, तेही ऐन सणात.

त्या दिवसात ड्रायरचा, म्हणजे छापलेले पीस पट्ट्यावरून गरम बोगद्यातून नेऊन इंक पक्की करणाऱ्या मशीनचा, डिस्प्ले १६० अंश दाखवत होता. इंकच्या डब्यावरही १६०च लिहिलेलं होतं. मशीन नवं घेतलं होतं आणि देणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "१६० लावा, पट्टा मधल्या नंबरवर ठेवा." आम्ही तसंच केलं. तो आकडा बोगद्यातल्या सेन्सरजवळच्या हवेचा असतो आणि टी-शर्टवरच्या इंकचं तापमान त्याहून बरंच कमी असू शकतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर मोजलं तेव्हा आमची इंक जेमतेम १३५ला पोहोचत होती.

तुम्ही नवीन युनिट टाकत असाल किंवा फ्लॅशखाली, म्हणजे छापलेल्या पिसावर आणायच्या तापलेल्या पॅनलखाली, माल पक्का करण्यातून आता कन्व्हेअरवर येत असाल, तर पुढचं सगळं पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या आधी करून घ्या. एक अख्खा दिवस जाईल, जाऊ द्या.

१. आधी इंक ओळखा

सगळ्या इंकला एक सेटिंग चालत नाही, कारण त्या पक्क्या होण्याची तऱ्हाच वेगळी असते.

प्लास्टिसॉलमध्ये पाणी नसतं. पीव्हीसीचे बारीक कण तेलकट प्लास्टिसायझरमध्ये मिसळलेले असतात. त्यातून काही उडून जायचं नसतं, म्हणून ती स्क्रीनवर कितीही दिवस राहिली तरी वाळत नाही. उष्णता मिळाली की कण फुगतात, प्लास्टिसायझर शोषून घेतात आणि वितळून एकजीव पापुद्रा होतो. नेहमीच्या प्लास्टिसॉलला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, लो-क्युअर प्रकाराला १३० ते १४०. हे तापमान इंकच्या सगळ्यात खालच्या थराला, म्हणजे कापडाला चिकटलेल्या बाजूला मिळायला हवं. वेळ लागतो तो उष्णता खालपर्यंत उतरायला. काळ्या कपड्यावर जाड पांढरा बेस आणि वर दोन रंग असतील तर जास्त वेळ, पातळ एकरंगी छपाईला कमी.

आपल्याकडे रोजचं बरंच काम वॉटरबेसवर चालतं: पिगमेंट, रबर, खादी या पेस्ट. इथे आधी पाणी जायला हवं. ओल आहे तोवर इंक शंभरच्या आसपासच अडकून राहते, कारण मिळालेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपल्यावरच तापमान वर चढतं आणि बाइंडर (रंगाला कापडाशी बांधणारा घटक) धरायला लागतो. म्हणून वॉटरबेसला १५० ते १६० अंश आणि बोगद्यात एकूण दोन ते तीन मिनिटं धरून चला. आत हवा खेळती असणं इथे फार महत्त्वाचं. नुसत्या इन्फ्रारेड पॅनलच्या, पंखा नसलेल्या छोट्या ड्रायरवर वॉटरबेसचा माल एका फेरीत पक्का होईल असं गृहीत धरू नका. दोन फेऱ्या काढा.

डिस्चार्ज, म्हणजे कापडाचाच रंग उडवणारी छपाई, करत असाल तर बाहेर टाकणारा पंखा आणि डक्ट लावल्याशिवाय सुरूच करू नका. ती इंक तापल्यावर जो वास येतो त्यात फॉर्मल्डिहाइडही असतं. कारागिराच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

डबा घेतानाच दुकानदाराकडून त्या इंकचं टेक्निकल डेटा शीट मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यातलं तापमान इंकचं असतं, ड्रायरच्या डिस्प्लेचं नव्हे. ही एक ओळ तेव्हा कळली असती तर आमचे २२० टी-शर्ट वाचले असते.

२. लागणारं सामान

- डोनट प्रोब आणि त्याचा मीटर. गोल कडीवर ताणलेली बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी) तार असते, ती थेट ओल्या इंकवर बसते आणि लांब वायरने पट्ट्यावरून आत जाते.
- टेंपरेचर स्ट्रिप. कपड्यावर चिकटवायची पट्टी. जितकं तापमान गाठलं तिथला चौकोन काळा पडतो. प्रोब लगेच घेणं जमत नसेल तर निदान या घ्याच.
- इन्फ्रारेड गन.
- मोजपट्टी, मास्किंग टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
- चाचणीसाठी आठ-दहा टी-शर्ट, ऑर्डरच्याच कापडाचे आणि त्याच जीएसएमचे (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे कापडाचं वजन). शिलाईत बिघडलेले पीस चालतात.
- एक वही. पुठ्ठ्याची, ड्रायरला दोरीने बांधलेली.

गनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक जण तीच एक घेतात. ती फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. बोगद्याच्या तोंडातून आत रोखली तर पॅनलची उष्णता परावर्तित होऊन येते आणि आकडा फुगतो. पीस बाहेर आल्यावर मोजलं तर दोन-तीन सेकंदांतच इंक थंड व्हायला लागलेली असते. चकाकत्या धातूवर तर तिचा भरवसाच नाही. रोज सकाळी कालच्यासारखंच आहे ना, एवढं बघायला गन उत्तम. पहिलं सेटिंग तिच्यावर लावू नका.

३. मशीन नीट तापू द्या

डिस्प्लेवर आकडा आला म्हणजे मशीन तापलं असं नाही. हवा लवकर तापते. पत्रा, पट्टा आणि इन्सुलेशन यांना वेळ लागतो. वीस ते तीस मिनिटं पट्टा चालू ठेवून थांबा. नाहीतर पहिले पन्नास पीस एका तापमानाला आणि पुढचे दुसऱ्याला निघतात.

थ्री फेजचं मशीन असेल तर तिन्ही फेज आहेत का ते पॅनलवरच्या दिव्यांवरून बघा. एक फेज गेली तरी पंखा आणि पट्टा चालू राहू शकतात, पण हीटरची एक रांग थंड असते. डिस्प्ले हळूहळू का होईना ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतो आणि कोणाला शंका येत नाही. व्होल्टेज कमी असेल तरी हाच प्रकार. आमच्या औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, म्हणून जाड बेसचा माल आम्ही दुपारपर्यंत उरकतो.

४. पट्ट्याचा वेग घड्याळावर मोजा

वेगाच्या नॉबवरचे १ ते १० हे आकडे कसलेच नसतात. ना फूट, ना मिनिट. तुमच्या मशीनवरचा ५ आणि शेजारच्या मशीनवरचा ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पट्ट्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. तो बोगद्याच्या गरम भागात शिरला की स्टॉपवॉच सुरू, बाहेर आला की बंद. पट्ट्याची पूर्ण लांबी धरू नका, फक्त हीटरखालचा भाग धरा. गरम भाग ६ फूट असेल आणि टेपला ९० सेकंद लागले, तर वेग मिनिटाला ४ फूट. नॉब प्रत्येक आकड्यावर ठेवून हे मोजा, वहीत तक्ता करा आणि तोच मशीनवर चिकटवा. पुढे कोणी "पट्टा ५ वर ठेवला" असं न म्हणता "९० सेकंदांवर ठेवला" म्हणेल, तेव्हा निम्मे घोटाळे संपतील.

५. तापमान लावा: अख्ख्या कामाचा जीव इथे आहे

चाचणीच्या टी-शर्टवर खरी डिझाइन छापा. एकरंगी चौकोन छापून सेटिंग लावणं हा मोठा सापळा आहे. जिथे इंक सगळ्यात जाड आहे, तिथेच ती कच्ची राहते. आमच्या बाप्पाची सोंड गेली ती त्यामुळेच: तिथे बेसवर दोन रंग एकमेकांवर येत होते.

प्लास्टिसॉलसाठी सुरुवात म्हणून हवेचं तापमान १८० आणि बोगद्यातला वेळ ९० सेकंद ठेवा. डोनट प्रोबची तार सर्वांत जाड इंकवर टेकवा, नुसती कपड्यावर नको. पीस पट्ट्यावर सोडा आणि मीटर बघत राहा. दर दहा सेकंदांनी एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. आमच्याकडे पहिल्यांदा हे माझ्या भावाने वाचलं: ४५, ७२, ९८, ११५, १२७... आणि बोगदा संपला तेव्हा १४१. डिस्प्ले मात्र शांतपणे १८०. त्या क्षणी आम्हाला कळलं की इतके दिवस आपण अंधारात माल काढत होतो.

आकडे तापमानाच्या चढाची गोष्ट सांगतात. इंक शेवटच्या टप्प्यात १६० ओलांडते आणि तिथे दहा-पंधरा सेकंद टिकते, असा चढ हवा. तसा नसेल तर:

इंक १६०पर्यंत पोहोचतच नसेल तर आधी पट्टा हळू करा. तापमान नंतर वाढवा. हवा फार गरम आणि पट्टा फार जलद असला की वरची कातडी पक्की होते आणि आतला बेस कच्चा राहतो. पाव मोठ्या आचेवर भाजावा तसं.

बोगद्याच्या मध्यातच १६० गाठलं आणि शेवटी १८०च्या वर जात असेल तर तापमान कमी करा. पांढरं कॉटन पिवळं पडायला लागतं आणि होजिअरी आक्रसते. प्लास्टिसॉलमधून धूर निघत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर मशीन लगेच खाली आणा. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमान बदललं तर निदान दहा मिनिटं थांबून पुढचा पीस टाका. घाईत दोन्ही नॉब फिरवले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

मग तीच चाचणी पट्ट्याच्या डाव्या कडेला, मधोमध आणि उजव्या कडेला करा. कडा थंड असतात. आमच्या मशीनवर डावीकडे ११ अंश कमी येतात, म्हणून त्या बाजूला टेप लावून चार बोटं जागा सोडली आहे. तिथे कोणी पीस ठेवत नाही.

आणि शेवटी, भरल्या पट्ट्यावर मोजा. एक टी-शर्ट एकटा जातो तेव्हा सगळी उष्णता त्याचीच. मागोमाग चाळीस पीस गेले की प्रत्येक जण थोडी उष्णता घेऊन जातो आणि बोगदा थंडावतो. ओल्या वॉटरबेसच्या मालाने तर फारच. नेहमीच्या गतीने पीस सोडत राहा आणि मध्येच प्रोब लावलेला पीस घाला. हा आकडा खरा.

आमच्या वहीतली एक नोंद देते: काळं १८० जीएसएम कॉटन, पांढरा बेस आणि दोन रंग, डिस्प्ले १९५, वेळ ८० सेकंद, इंक १६३. नोंद कशी ठेवायची तेवढंच यातून घ्या. आकडे उतरवून घेऊ नका, तुमचं मशीन वेगळं आहे.

६. कापड बदललं की सेटिंग बदललं

तिरुपूरहून आलेला १८० जीएसएमचा टी-शर्ट आणि ३०० जीएसएमचं हुडी एकाच सेटिंगवर काढू नका. जाड कापड खालून उष्णता ओढून घेतं. त्याला वेळ वाढवून द्या.

पावसाळ्यात साधं कॉटनही वेगळं वागतं. कॉटन प्रमाणित हवेतही वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून जास्त. प्लास्टिसॉलच्या मालातही आधी ती ओल उडते, मग इंक तापते. आणि आपल्याकडे मंडळांच्या, दहीहंडीच्या, वारीच्या टी-शर्टची गर्दी याच दिवसांत असते. एप्रिलमध्ये लावलेलं सेटिंग जूनमध्ये पुन्हा मोजा. गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, आणि छापण्याआधी कोरा पीस फ्लॅशखाली चार-पाच सेकंद धरा. ओल जाते, शिवाय कापड आक्रसायचं ते आधीच आक्रसतं आणि दुसरा रंग जागेवर बसतो.

पॉलिस्टरचं दुखणं नेमकं उलटं. त्याचा रंग डिस्पर्स डाय असतो आणि उष्णतेने तो वायू होऊन इंकमध्ये चढतो. लाल जर्सीवरचा पांढरा नंबर ड्रायरमधून पांढराशुभ्र निघतो आणि दोन दिवसांनी पाकीट उघडलं की गुलाबी. गिऱ्हाइकाला तुम्ही फसवलंत असंच वाटतं. पॉलिस्टरला लो-क्युअर इंक घ्या, इंकचं तापमान १३० ते १३५च्या आसपास ठेवा, गडद रंगावर आधी ब्लॉकरचा (कापडाचा रंग वर चढू न देणारा) राखाडी बेस मारा. पीस गरम असताना एकावर एक रचू नका. ढिगाच्या आत उष्णता कोंडते आणि रंग चढतच राहतो. सब्लिमेशन केलेली (उष्णतेने रंग वायू करून कापडात उतरवलेली) जर्सी असेल तर नमुना छापून दोन-तीन दिवस ठेवा, मगच ऑर्डरला हो म्हणा.

७. फ्लॅश आणि ड्रायर यांची गल्लत करू नका

फ्लॅशचं काम बेस हाताला चिकटणार नाही इतकाच सुकवण्याचं आहे. बेस फ्लॅशखाली जास्त वेळ राहून पूर्ण पक्का झाला तर वरचा रंग त्याला धरत नाही आणि धुण्यात पापुद्र्यासारखा सुटतो. ड्रायर कितीही बरोबर असला तरी ही चूक तो भरून काढत नाही. बोट हलकं टेकवल्यावर इंक उचलली गेली नाही की पुरे.

८. माल पक्का झाला याची खात्री

ताणून बघणं ही सगळ्यात सोपी चाचणी. पीस पूर्ण थंड झाल्यावर प्रिंट दोन्ही बाजूंनी हळू ताणा. तडे गेले आणि तसेच राहिले तर इंक बहुतेक कच्ची आहे. पण ताणून तडा गेला नाही म्हणजे पास, असं समजू नका. आमचे ते २२० टी-शर्ट या चाचणीत पास झाले होते.

प्लास्टिसॉलसाठी इथाइल ॲसिटेटची चाचणी असते. प्रिंटवर दोन-तीन थेंब टाकून पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरायचं. रंग फडक्यावर उतरला तर इंक कच्ची. हे द्रव्य भप्पकन पेटतं, म्हणून ड्रायरपासून लांब, शक्यतो गाळ्याबाहेर करा.

खरा निकाल धुण्याचाच. प्रत्येक नव्या कापड-इंक जोडीचा एक पीस गरम पाण्यात, नेहमीच्या पावडरीने, निदान पाच वेळा धुवा आणि न धुतलेल्या पिसाशेजारी ठेवून बघा. फिक्सर (पक्केपणा वाढवणारं रसायन) घातलेली वॉटरबेस पेस्ट ड्रायरमधून निघाल्यावरही काही काळ घट्ट होत राहते, म्हणून ती दुसऱ्या दिवशी धुवा. मोठ्या कंपनीचा युनिफॉर्म किंवा निर्यातीचा माल असेल तर ते लॅबचा रिपोर्ट मागतात: धुण्यासाठी आयएसओ १०५-सी०६, घासण्यासाठी आयएसओ १०५-एक्स१२. नमुना लॅबला देण्याआधी घरचं धुणं करून घ्या, फी वाचते.

९. चालू कामात काय सांभाळायचं

दर तासाला एक टेंपरेचर स्ट्रिप सोडा आणि काळी पडलेली पट्टी वहीत तारखेसकट चिकटवा. गिऱ्हाइकाने महिन्याभराने तक्रार आणली तर त्या दिवशी काय झालं होतं ते तुमच्या हातात असतं.

वीज गेली की पट्टा थांबतो, पण हीटर गरमच असतात. त्यांच्याखालचे टी-शर्ट आधी करपतात आणि पुढे पेटूही शकतात. पट्टा हाताने फिरवायचं हँडल असेल तर ते कुठे आहे हे प्रत्येक कारागिराला माहीत हवं. नसेल तर लांब दांड्याचा आकडा ड्रायरच्या कडेला कायम टांगलेला ठेवा आणि वीज गेल्या क्षणी आतले पीस ओढून काढा. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी छपाईच्या आधी हेच करून घेतो. स्क्रीन धुण्याचं सॉल्व्हंट आणि स्प्रे गमचे डबे ड्रायरच्या खोलीत ठेवू नका.

बाहेर पडणारा माल टोपलीत साचू देऊ नका. गरम प्रिंट मऊ असते, एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना वरची चमक जाते. शेवटी एक टेबल ठेवा, पीस सुटे पसरा, हाताला गार लागल्यावर घड्या घाला.

संध्याकाळी मुख्य स्विच एकदम पाडू नका. आधी हीटर बंद करा, पट्टा आणि पंखा चालू ठेवा, आणि डिस्प्ले ८०च्या खाली आला की मगच मशीन बंद करा. गरम बोगद्यात थांबलेला टेफ्लॉनचा पट्टा एकाच जागी भाजत राहतो, तिथे तो कडक होतो आणि काही महिन्यांत फाटतो. आमचा पहिला पट्टा असाच गेला.